टॉमी जॉन आणि बेसबॉल पिचरची कारकीर्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टॉमी जॉन हे डॉक्टरांचे नाव आहे की खेळाडूचे?

खेळाडूचे. शोहेई ओतानीसारख्या खेळाडूच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाल्याची बातमी मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापानावरही येते, त्यात ‘टॉमी जॉन सर्जरी’ हे शब्द असतात, आणि ही शस्त्रक्रिया शोधणाऱ्या शल्यविशारदाचे ते नाव असावे असा वाचकाचा समज होतो. शल्यविशारद होते डॉ. फ्रँक जोब. टॉमी जॉन हे त्यांचे रुग्ण होते, अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये 26 हंगाम खेळलेले डावखुरे पिचर. एखाद्या उपचाराला रोग्याचे नाव मिळावे आणि वैद्याचे मागे पडावे, असे क्वचितच घडते. पुढील प्रश्नोत्तरे मुख्यतः जॉन यांच्या कारकिर्दीविषयी आहेत, कारण पिचरच्या व्यवसायातील जवळपास प्रत्येक गोष्ट, म्हणजे दुखापत, संघबदल, करार, आकडेवारी आणि म्हातारपण, त्यांच्या वाट्याला आली.

पिचर म्हणजे आपला गोलंदाज, असे समजले तर चालेल का?

काही अंतरापर्यंत चालेल. दोघेही फलंदाजाला चकवण्यासाठी वेग, वळण आणि टप्प्याचा (पिचरच्या बाबतीत, टप्पा न पडता चेंडू कुठून जाईल त्या जागेचा) उपयोग करतात. पण शरीराच्या दृष्टीने ही दोन कामे अगदी वेगळी आहेत. क्रिकेटमध्ये चेंडू सोडताना कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ झाला तर गोलंदाज ‘फेकी’ ठरतो, तर पिचरचे सगळे कौशल्य त्या फेकण्यातच असते. त्याला धावत येण्याची मुभा नसते. 10 इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावर, म्हणजे माउंडवर, उभे राहून साडेअठरा मीटरांहून किंचित कमी अंतरावरील होम प्लेटकडे, म्हणजे फलंदाज जिच्याशेजारी उभा राहतो त्या जमिनीतील पट्टीकडे, तो चेंडू फेकतो, आणि धावण्यातून मिळणारा जोर नसल्यामुळे सगळा वेग पाय, कंबर, खांदा आणि कोपर यांच्या साखळीतून काढावा लागतो. म्हणून वेगवान गोलंदाजाची पाठ आणि टाच जाते, तर पिचरचा खांदा आणि कोपर जातो.

आणखी एक फरक असा, की सामन्याची सुरुवात करणारा पिचर रोज खेळत नाही. चार किंवा पाच जणांची पाळी लावलेली असते आणि आपली पाळी आली की तो शंभराच्या आसपास चेंडू फेकतो. जॉन यांच्या उमेदीच्या काळात हा आकडा याहून बराच मोठा असे.

जॉन यांची सुरुवात कशी झाली?

त्यांचा जन्म 22 मे 1943 रोजी इंडियाना राज्यातील टेरे होट येथे झाला. 1961 मध्ये क्लीव्हलँड इंडियन्सने त्यांना करारबद्ध केले. तेव्हा नवोदित खेळाडूंची वाटणी करणारी ‘ड्राफ्ट’ पद्धत अस्तित्वात नव्हती, ती 1965 मध्ये आली. करार झाला म्हणजे मोठ्या संघात जागा मिळाली असे नसते. आधी मायनर लीग, म्हणजे मुख्य संघाच्या हाताखालील लहान गावांतील संघांत, उमेदवारी करावी लागते, आणि बहुसंख्य तरुणांची कारकीर्द तिथेच संपते. जॉन यांना मात्र 6 सप्टेंबर 1963 रोजी, विसाव्या वर्षीच, मेजर लीगमध्ये संधी मिळाली.

क्लीव्हलँडमध्ये त्यांचे बस्तान बसले नाही. जानेवारी 1965 मध्ये तीन संघांच्या एका अदलाबदलीत ते शिकागो व्हाइट सॉक्सकडे गेले आणि तेथे सात हंगाम राहिले. 1968 मध्ये त्यांची सरासरी 1.98 होती, म्हणजे दर नऊ इनिंगला (बेसबॉलचा पूर्ण सामना नऊ इनिंगचा असतो) त्यांनी दोनांहून कमी धावा दिल्या होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डेट्रॉइटचा फलंदाज डिक मॅकॉलिफ त्यांच्या अंगावर धावून गेला आणि त्या झटापटीत त्यांच्या डाव्या खांद्याला इजा होऊन उरलेला हंगाम बुडाला. डिसेंबर 1971 मध्ये व्हाइट सॉक्सने डिक ॲलन या तडाखेबंद फलंदाजाच्या बदल्यात त्यांना लॉस एंजेलिस डॉजर्सला देऊन टाकले. हे ॲलन यांचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, ते शेवटी पुन्हा येणार आहे.

ते वेगवान पिचर होते का?

नव्हते. त्यांचे हत्यार ‘सिंकर’ होते. हा चेंडू होम प्लेटजवळ येता येता खाली बसतो, फलंदाजाची बॅट त्याच्या वरच्या भागावर लागते आणि चेंडू हवेत न उडता जमिनीवरून सरपटत क्षेत्ररक्षकाच्या हाती जातो. फलंदाजाला तीनदा चुकवून बाद करणे, म्हणजे ‘स्ट्राइकआउट’, हा पिचरचा डौलदार प्रकार मानला जातो. जॉन यांनी 4,700 हून अधिक इनिंगमध्ये 2,245 स्ट्राइकआउट घेतले, म्हणजे दोन इनिंगमागे एकही पूर्ण भरत नाही. अशा पिचरचा खेळ पाहायला प्रेक्षक तिकीट काढून येत नाहीत, पण संघनायक आणि व्यवस्थापक त्याच्यावर जीव टाकतात. आपल्याकडे एका बाजूने निर्धाव षटके टाकत राहणाऱ्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाला मुंबईच्या मैदानांवर जो मान असे, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

17 जुलै 1974 रोजी नेमके काय घडले?

त्या वर्षी जॉन कारकिर्दीतील सर्वोत्तम बहरात होते. 13 विजय, 3 पराभव आणि 2.59 ची सरासरी अशी त्यांची कामगिरी होती. डॉजर स्टेडियमवर मॉन्ट्रियल एक्स्पोजविरुद्धच्या सामन्यात एक सिंकर टाकताना डाव्या कोपरात काहीतरी तुटल्याची संवेदना त्यांना झाली आणि चेंडू भलतीकडेच गेला. खात्री करण्यासाठी त्यांनी आणखी एक चेंडू टाकला, त्याचीही तीच गत झाली, आणि ते स्वतःहून माउंडवरून चालत बाहेर आले.

कोपराच्या आतील बाजूला दंडाचे हाड आणि हाताचे आतले हाड यांना बांधून ठेवणारे लिगामेंट, म्हणजे अस्थिबंध, फाटले होते. काही आठवडे विश्रांती घेऊन त्यांनी पुन्हा फेकण्याचा प्रयत्न केला, पण चेंडूत जीव नव्हता. त्या काळात पिचरच्या बाबतीत ‘हात मेला’ एवढेच निदान होत असे आणि त्यावर घरी जाणे हा एकच उपाय होता. याच डॉजर्सचे सँडी कूफॅक्स, त्या पिढीतील सर्वश्रेष्ठ डावखुरे पिचर, कोपराच्या संधिवातामुळे 1966 च्या हंगामानंतर वयाच्या तिसाव्या वर्षी निवृत्त झाले होते.

डॉ. जोब यांनी शस्त्रक्रियेत काय केले?

फाटलेले लिगामेंट शिवून भागणार नव्हते, कारण शिवलेला भाग फेकण्याचा ताण पेलू शकत नाही. जोब यांनी जॉन यांच्या उजव्या हाताच्या मनगटाजवळील ‘पामारिस लाँगस’ नावाच्या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी, काढून घेतली. ही कंडरा शरीराला फारशी उपयोगाची नसते आणि कित्येक माणसांत ती जन्मतःच नसते. अंगठा आणि करंगळीची टोके जुळवून मनगट किंचित आत वाकवले की मनगटाच्या मध्यभागी जी दोरी उठून दिसते, ती हीच. जोब यांनी कोपराच्या दोन्ही हाडांना छिद्रे पाडली आणि ही दोरी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी त्यांतून ओवून घट्ट केली. खाट विणताना सुंभ ओढून बसवतात, तशीच ही कल्पना आहे. कालांतराने त्या कंडरेला नव्या जागी रक्तपुरवठा मिळू लागतो आणि ती लिगामेंटचे काम करू लागते.

कंडरा एका जागेवरून दुसरीकडे नेण्याचे तंत्र जोब यांनी शोधलेले नव्हते. पोलिओच्या रुग्णांवर आणि हाताच्या शस्त्रक्रियांत ते वापरले जात होते आणि जोब यांना त्याचा अनुभव होता. नवे होते ते खेळाडूच्या कोपरात, एवढ्या प्रचंड ताणाच्या जागी, ते वापरण्याचे धाडस. 25 सप्टेंबर 1974 रोजी ही शस्त्रक्रिया झाली. जॉन पुन्हा मेजर लीगमध्ये पिचिंग करण्याची शक्यता शंभरात एक आहे, असे जोब यांनी त्यांना आधीच सांगितले होते. शस्त्रक्रिया न केल्यास ती शून्य आहे, एवढा हिशोब जॉन यांना पुरेसा होता.

परतायला इतका वेळ का लागला?

कारण नवी दोरी रुजायला वेळ लागतो, आणि जॉन यांच्या बाबतीत त्यात आणखी एक संकट आले. कोपरातून जाणाऱ्या अल्नर मज्जातंतूला इजा झाल्याने त्यांच्या डाव्या हाताची बोटे पंजासारखी आखडली आणि संवेदनाहीन झाली. (कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत जी झिणझिणी जाते, ती याच मज्जातंतूची.) त्यासाठी डिसेंबर 1974 मध्ये दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. मज्जातंतू अतिशय सावकाश भरून येतो. 1975 चा संपूर्ण हंगाम जॉन यांनी बाहेर काढला, पण ते घरी बसले नाहीत. डॉजर्सच्या सरावाला हजर राहून रोज फेकत राहिले, आणि ज्या बोटांत जोर नव्हता ती बोटे चिकटपट्टीने बांधून चेंडू पकडायचे. याच काळात माइक मार्शल या सहकारी पिचरने त्यांना मदत केली. मार्शल यांचा शरीराच्या हालचालींच्या शास्त्राचा अभ्यास होता आणि पाय व धड कसे वळवले म्हणजे हातावरचा ताण कमी होईल, हे त्यांनी जॉन यांना दाखवले.

माझ्या मते या साऱ्या कहाणीतील सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. शस्त्रक्रियेला काही तास लागले, आणि ती यशस्वी ठरवण्याचे काम पुढे दीड वर्ष, कोणतीही पूर्वनियोजित पद्धत उपलब्ध नसताना, रुग्णाने केले. आज या शस्त्रक्रियेनंतर कोणत्या महिन्यात किती पावलांवरून किती चेंडू फेकायचे याचे छापील वेळापत्रक मिळते. जॉन यांच्यासमोर असे काहीच नव्हते.

16 एप्रिल 1976 रोजी अटलांटाविरुद्ध ते पुन्हा माउंडवर उभे राहिले. तो सामना ते हरले. हंगामाअखेर मात्र 10 विजय, 10 पराभव आणि 3.09 ची सरासरी त्यांच्या नावावर होती.

शस्त्रक्रियेपूर्वीची कामगिरी चांगली की नंतरची?

आकडे नंतरच्या बाजूने आहेत. त्यांच्या एकूण 288 विजयांपैकी 124 आधीचे आणि 164 नंतरचे आहेत. एका हंगामात 20 विजय हा पिचरसाठी शतकासारखा टप्पा असतो. दुखापतीपूर्वी जॉन यांनी तो कधीच गाठला नव्हता, नंतर तीनदा गाठला. 1977 मध्ये डॉजर्ससाठी 20, 1979 मध्ये न्यूयॉर्क यँकीजसाठी 21 आणि 1980 मध्ये 22 विजय त्यांनी मिळवले. सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात ते 1977 आणि 1979 मध्ये दुसरे आले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ‘विजय’ हा आकडा पिचरच्या नावावर लिहिला जात असला तरी तो त्याच्या एकट्याचा नसतो, कारण आपल्या संघाने धावाच केल्या नाहीत तर उत्तम पिचिंग करूनही पराभव नावावर लागतो. म्हणून आजचे अभ्यासक या आकड्याला फारसे महत्त्व देत नाहीत. तरीही 700 सामन्यांची सुरुवात करणे, हा आकडा कोणत्याही मापाने मोजला तरी विलक्षण आहे.

विनोदाची बाजूही जॉन यांनी सोडली नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी माझ्या हातात कूफॅक्सचा वेग बसवा असे मी डॉक्टरांना सांगितले होते, त्यांनी बसवलाही, पण तो श्रीमती कूफॅक्स यांचा निघाला, असे ते सांगत असत.

ते डॉजर्स सोडून यँकीजकडे कसे गेले?

या वेळी त्यांना कोणी ‘देऊन टाकले’ नाही, ते स्वतःच्या मर्जीने गेले, आणि हा फरक मोठा आहे. 1975 पर्यंत प्रत्येक करारात एक कलम असे, ज्यामुळे मुदत संपल्यानंतरही खेळाडूवर संघाचाच हक्क राहत असे. जॉन यांचेच डॉजर्समधील सहकारी अँडी मेसरस्मिथ आणि मॉन्ट्रियल एक्स्पोजचे डेव्ह मॅकनॅली हे दोन पिचर नव्या करारावर सही न करता हंगाम काढून लवादापुढे गेले. 23 डिसेंबर 1975 रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला आणि मुक्त खेळाडूंची पद्धत सुरू झाली. जॉन यांनी 1978 च्या हंगामानंतर तिचा लाभ घेतला.

त्यांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगच्या विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली का?

नाही, आणि ज्या प्रकारे ती हुकली ते पाहता नशिबाची थट्टा या शब्दप्रयोगाशिवाय पर्याय उरत नाही. 1977 आणि 1978 मध्ये ते डॉजर्सकडून खेळले आणि दोन्ही वेळा यँकीजकडून हरले. मग ते यँकीजकडे गेले, आणि 1981 मध्ये यँकीज डॉजर्सकडून हरले. त्या मालिकेच्या सहाव्या सामन्यात चौथ्या इनिंगला 1-1 अशी बरोबरी असताना व्यवस्थापक बॉब लेमन यांनी जॉन यांच्या जागी बदली फलंदाज पाठवला, त्यामुळे जॉन यांना सामन्याबाहेर जावे लागले. त्यानंतरच्या पिचरांनी धावांची खैरात केली आणि यँकीज 9-2 असा सामना व मालिका हरले. लेमन यांना एक धाव हवी होती हे समजण्यासारखे आहे, पण बरा चाललेला पिचर इतक्या लवकर काढणे हा माझ्या दृष्टीने सरळसरळ उतावीळपणा होता.

शस्त्रक्रियेने हात पूर्वीपेक्षा ताकदवान होतो, हे खरे आहे का?

खरे नाही. हा गैरसमज अमेरिकेतील पालकांमध्ये इतका पसरला आहे, की दुखापत नसतानाही मुलावर शस्त्रक्रिया करावी अशी विचारणा झाल्याचे शल्यविशारदांनी सांगितले आहे. परतलेला पिचर कधीकधी अधिक वेगाने फेकतो, त्याचे कारण वर्षभराचा व्यायाम, विश्रांती आणि सुधारलेली शैली हे असते. नव्या कंडरेमुळे वेग वाढत नाही. शिवाय सगळेच परतत नाहीत. काहींवर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागते.

यशाची उदाहरणे मात्र ठळक आहेत. जॉन स्मोल्ट्झ यांच्यावर 2000 मध्ये ही शस्त्रक्रिया झाली आणि 2015 मध्ये, अशी शस्त्रक्रिया झालेले पहिले पिचर म्हणून, ते हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधील थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, गेले. जस्टिन व्हर्लँडर 2020 मध्ये सदतिसाव्या वर्षी शस्त्रक्रियेला सामोरे गेले आणि 2022 मध्ये त्यांनी साय यंग पुरस्कार जिंकला.

मग आता इतके कोपर का फाटतात?

फेकताना खांद्याचे आतील बाजूचे फिरणे सेकंदाला सुमारे 7,000 अंश इतक्या गतीने होते, आणि त्या क्षणी कोपराच्या आतील बाजूवर येणारा ताण एकट्या लिगामेंटच्या सहनशक्तीपेक्षा जास्त असतो. आजूबाजूचे स्नायू त्यातील वाटा उचलतात म्हणूनच ते टिकते. स्नायू थकले की सगळा भार लिगामेंटवर पडतो. मेजर लीगमधील फास्टबॉलचा सरासरी वेग 2008 मध्ये ताशी सुमारे 147 किलोमीटर होता, 2024 पर्यंत तो 151 च्या पुढे गेला. जॉन यांच्या काळातील पिचर नऊ इनिंग टिकायचे म्हणून हात राखून फेकत असे. आजच्या पिचरला पाच-सहा इनिंगच फेकायच्या असल्याने तो प्रत्येक चेंडू जिवाच्या आकांताने फेकतो. जॉन इतकी वर्षे टिकले याचे एक कारण हेही असावे, की त्यांचा सिंकर वेगावर अवलंबून नव्हताच.

अधिक चिंतेची बाब मुलांची आहे. अमेरिकेत या शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत 15 ते 19 वयोगटाचा वाटा निम्म्याहून अधिक असल्याचे आढळले आहे. लहान मुलांचे बेसबॉल सामने भरवणाऱ्या लिटल लीग या संस्थेने 2007 मध्ये चेंडूंची मर्यादा घातली. त्यानुसार 11-12 वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त 85 चेंडू टाकता येतात आणि 66 किंवा अधिक टाकल्यास चार दिवसांची विश्रांती सक्तीची असते. बारा महिने एकच खेळ खेळवण्याच्या हौसेविरुद्ध जॉन स्वतः जाहीरपणे बोलत आले आहेत.

या शस्त्रक्रियेचा भारतीय खेळाडूंशी काही संबंध आला आहे का?

आला आहे. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग (कोलकाता नाइट रायडर्सचा फलंदाज वेगळा, हे डावखुरे भालाफेकपटू) आणि दिनेश पटेल यांची 2008 मध्ये चेंडूफेकीच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून निवड झाली आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केले. सिंग काही वर्षे मायनर लीगमध्ये खेळले, पुढे त्यांच्याही कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, आणि नंतर ते व्यावसायिक कुस्तीकडे वळले. भालाफेकीतही कोपराच्या याच बाजूवर ताण येतो. नीरज चोप्राच्या कोपरावर 2019 मध्ये मुंबईत झालेली शस्त्रक्रिया मात्र वेगळी होती, त्यात सांध्यातील हाडाचे सुटे तुकडे काढण्यात आले होते.

एकाच चेंडूवर तीन चुका, ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. 27 जुलै 1988, मिलवॉकीविरुद्धचा सामना. पंचेचाळीस वर्षांच्या जॉन यांच्याकडून एक हळू सरपटत आलेला चेंडू सुटला, मग त्यांनी तो पहिल्या बेसकडे भलतीकडेच फेकला, आणि उजव्या बाजूच्या क्षेत्ररक्षकाने परत पाठवलेला चेंडू मध्येच अडवून होम प्लेटकडेही चुकीचा फेकला. यँकीजने तो सामना 16-3 असा जिंकला, आणि विजय जॉन यांच्याच नावावर लागला.

ते निवृत्त केव्हा झाले?

शेवटचा सामना त्यांनी 25 मे 1989 रोजी, सेहेचाळीस वर्षे पूर्ण झाल्यानंतर तीन दिवसांनी, खेळला. पहिला सामना केनेडी राष्ट्राध्यक्ष असताना झाला होता, शेवटचा थोरल्या बुश यांच्या काळात. मार्क मॅग्वायर हा तरुण फलंदाज जॉन यांच्या दंतवैद्याचा मुलगा होता. दंतवैद्याचा मुलगा आपले चेंडू टोलवू लागला की निवृत्तीची वेळ झाली असे समजावे, असे जॉन यांनी म्हटले होते.

ते हॉल ऑफ फेममध्ये आहेत का?

नाहीत. क्रीडापत्रकारांच्या मतदानात ते सलग 15 वर्षे होते. निवडीसाठी 75 टक्के मते लागतात आणि त्यांना सर्वाधिक मिळाली ती 2009 मध्ये, शेवटच्या वर्षी, 31.7 टक्के. 300 विजयांना ते 12 ने कमी पडले, आणि बुडालेला 1975 चा हंगाम मिळाला असता तर काय झाले असते, हा हिशोब त्यांचे चाहते आजही मांडतात. डॉ. जोब यांचा मात्र हॉल ऑफ फेमने 2013 मध्ये खास सन्मान केला. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचे निधन झाले. डिसेंबर 2024 मध्ये जुन्या काळातील खेळाडूंचा फेरविचार करणाऱ्या समितीपुढे जॉन यांचे नाव पुन्हा आले. समितीने दोघांची निवड केली. एक डेव्ह पार्कर, आणि दुसरे डिक ॲलन, ज्यांच्या बदल्यात 1971 मध्ये जॉन डॉजर्सकडे गेले होते.